कुलमुखत्यारपत्र आहे, पण घरातल्या सामानाचं काय? भांडी, दागिने, कपाटं यावर भाच्याचा अधिकार किती?

मिरज_जंक्शन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, चालवून घ्या.

माझी मावशी, वय ८१, निवृत्त शिक्षिका. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सांगलीत विश्रामबागला तिचा स्वतःचा फ्लॅट आहे. मध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता आमच्याकडे मिरजेला आहे आणि यापुढे एकटी तिथे राहणार नाही हे तिनं स्वतःच ठरवलंय. तिनं माझ्या नावानं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे तिच्या वतीनं कामं करायचा अधिकार) करून दिलंय, सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदवलेलं. त्यात पेन्शन, बँक, सोसायटी, टॅक्स, फ्लॅट भाड्यानं देणं सगळं कलमवार आहे आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य, 'वरील कामांच्या अनुषंगाने लागणारी इतर सर्व कामे करणे'. सामानाबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आता फ्लॅट भाड्यानं द्यायचा तर रिकामा करायला हवा, आणि आत काय नाही ते विचारा. शिसवी कपाट, झोपाळा, पायाचं शिलाई मशीन, पितळेची भांडी, तांब्याचा बंब, चांदीचं पूजेचं सगळं, भिंतभर पुस्तकं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. काकांच्या पुतण्याचा फोन येऊन गेला की चांदी आमच्या घराण्यातली आहे, हात लावू नका. माझी बहीण म्हणते चंद्रहार मावशीनं मला द्यायचं कबूल केलंय आणि मृत्युपत्रातही तसं लिहिलंय. बायको म्हणते मशीन आपण घेऊ, काय ते पैसे देऊ. आणि मावशी सकाळी एकदम तल्लख असते, शब्दकोडं सोडवते, पण संध्याकाळी कधीकधी मला मामाच्या नावानं हाक मारते.

तर मला यातलं काय विकता येतं, काय वाटता येतं आणि कशाला हात लावायचा नाही? जाणकारांनी सांगा.

खडीसाखर

आधी मावशींना नमस्कार सांगा. ८१व्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन होऊन शब्दकोडं सोडवतात म्हणजे कमाल आहे. कायद्याचं मला कळत नाही, बाकीचे सांगतीलच, मी वाचतेय.

रोखठोक७२

अहो एवढं काय त्यात. 'इतर सर्व कामे' लिहिलंय ना पत्रात? मग सगळं आलं. कुलमुखत्यार म्हणजे तुम्हीच मावशी, तुमची सही म्हणजे तिची सही. भंगारवाल्याला बोलवा, जे विकायचं ते विका, ज्याला जे द्यायचं ते द्या आणि त्या पुतण्याचा नंबर ब्लॉक करा. आमच्याकडे आजोबांच्या वेळी असंच केलं, कुणी काही म्हटलं नाही.

कोर्टाची_पायरी

रोखठोक काका, कुणी काही म्हटलं नाही म्हणजे ते बरोबर होतं असं नाही 🙂

मी वकिली करते, पण हा सल्ला नाही, माहिती समजा. मूळ कागद पाहिल्याशिवाय कुणीच नक्की सांगू शकणार नाही.

मुखत्यारपत्र कोर्ट फार काटेकोरपणे वाचतं. आधी नेमकी कामं लिहून मग शेवटी 'इतर सर्व कामे' असं आलं, तर ते शेवटचं वाक्य आधीच्या कामांपुरतंच धरतात. ती कामं पार पाडायला जे लागेल तेवढंच, वेगळा नवा अधिकार त्यातून निघत नाही. मडगावच्या टिंबलो इर्मांव कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हा वाचायचा नियम मांडलाय, तेव्हापासून तो सगळीकडे उद्धृत होतो.

पण दादा, याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. तुमच्या पत्रात फ्लॅट भाड्यानं द्यायचा स्पष्ट अधिकार आहे. करार कायद्याचं कलम १८८ सांगतं की एखादं काम करायचा अधिकार असला की ते काम करायला जे जे कायदेशीरपणे गरजेचं, त्याचाही अधिकार येतो. भाडेकरू ठेवायचा तर सामान हलवावं लागणार. म्हणजे सामान बांधणं, हलवणं, दुसरीकडे सुरक्षित ठेवणं, त्याचं टेम्पोभाडं मावशींच्या खात्यातून देणं, हे तुम्ही निश्चिंत करा. झुरळं लागलेली गादी टाकून देणं पण त्यात येईल. झोपाळा विकणं? ओढूनताणून. चांदी विकणं? नाही, फ्लॅट भाड्यानं द्यायला चांदी विकायची काय गरज. आणि वाटणं तर अजिबातच नाही. दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या वतीनं भेट द्यायच्या असतील तर तसा अधिकार पत्रात उघड लिहिलेला लागतो.

पोह्यावर_शेव

म्हणजे हलवायचा अधिकार आहे, उडवायचा नाही 😄

मिरज_जंक्शन

@कोर्टाची_पायरी ताई, खूप आभार. गादी खरंच टाकायच्याच लायकीची आहे. पण चांदीबद्दल पुतण्या म्हणतो ते खरं मानायचं का? आणि उद्या मावशीच्या मागे मला कुणी चोर ठरवू नये एवढीच इच्छा.

कोर्टाची_पायरी

चांदी घराण्यातली आहे हे तो म्हणतो म्हणून खरं होत नाही. लग्नात, लग्नाआधी, नंतर, मुंज-बारशाला बाईला जे मिळालं ते स्त्रीधन, आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ बघा, तिच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची, त्यात दागिनेही येतात. सासऱ्यांनी दिलेलं असलं तरी दिलं ते तिचं झालं. २०२४ला सुप्रीम कोर्टानं तर एका वडिलांना सांगितलं की मुलगी स्वतः मागत नाही, तिनं तुम्हाला अधिकार दिलेला नाही, तर तिचं स्त्रीधन परत मागणारे तुम्ही कोण. जिथे जन्मदात्या बापाला हे ऐकावं लागलं तिथे पुतण्या आणि भाचा कुठे राहिले.

मात्र एखादी वस्तू खरंच काकांच्या भावाची असेल आणि फक्त ठेवायला दिलेली असेल तर ती गोष्ट वेगळी. हे सांगू शकणारं माणूस एकच, आणि ते तुमच्या घरात शब्दकोडं सोडवतंय.

वखारभाग

मी सांगलीचाच. एक अनुभव सांगतो. २०१९च्या महापुरात आमच्या शेजारच्या काकू मुलीकडे पुण्याला होत्या, किल्ली माझ्याकडे. पाणी चढायला लागलं तसं मी आणि पोरांनी त्यांचं जमेल ते वरच्या मजल्यावर नेलं, फ्रीज वगैरे राहिला. पाणी उतरल्यावर गाद्या, फुगलेली कपाटं, धान्य असलं सगळं रस्त्यावर टाकायला लागलं, वास मारत होता. काकूंना फोन लागत नव्हता. माझ्याकडे पत्र-बित्र काही नव्हतं, फक्त किल्ली. नंतर त्यांच्या जावयानं विचारलं की कुणाला विचारून टाकलं!! काकूंनीच त्याला गप्प केलं म्हणून बरं.

कोर्टाची_पायरी

@वखारभाग, शेजाऱ्याचं सोडा, तुम्ही रीतसर मुखत्यार असता तर तुमच्यासाठी करार कायद्याचं कलम १८९ होतं. आणीबाणीत मालकाचं नुकसान टाळायला शहाणा माणूस स्वतःच्या मालाचं जे करेल ते मुखत्यार करू शकतो. कायद्यातलंच उदाहरण आहे, कलकत्त्याला आलेला खाण्याचा माल कटकला पाठवायचाय पण तिथवर टिकणार नाही, तर कलकत्त्यातच विकून टाकायची मुभा. विश्रामबागेतल्या चांदीला मात्र अशी काही घाई नाही.

रोखठोक७२

बरं मग बिचाऱ्यानं करायचं काय? गोडाऊन भाड्यानं घेऊन पितळेची पातेली दहा वर्षं सांभाळायची का? त्याचं भाडं कोण देणार? कायदा कायदा करून माणसाला जगू देत नाही तुम्ही लोक.

तळ्यातमळ्यात

काका प्रश्न बरोबर आहे पण उत्तर सोपं आहे हो. मावशी जिवंत आहेत, शुद्धीवर आहेत, मग पत्र मधे आणायचंच कशाला? त्यांना विचारा! मुखत्यारपत्र केलं म्हणून मूळ माणसाचे अधिकार संपत नाहीत, त्या स्वतः विकू शकतात, स्वतः देऊ शकतात. जंगम वस्तूची भेट द्यायला रजिस्ट्रेशन लागत नाही, हातात दिली आणि समोरच्यानं घेतली की झाली.

माझ्या आईच्या वेळी मी घरात फिरत व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक कपाट उघडून दाखवत गेले. हे राहू दे, हे शेजारच्या वहिनीला दे, हे मोडीत घाल. वेळ खूप जातो, प्रत्येक डब्याला एक गोष्ट असते आणि ती गोष्ट संपेपर्यंत पुढचा डबा उघडता येत नाही. पण नंतर एकही भांडण झालं नाही कारण सगळ्यांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. रेकॉर्डिंग ठेवलंय अजून.

एक मात्र, पत्रं, डायऱ्या, फोटो यांना भंगारात किंमत नसते म्हणून ते पहिल्यांदा रद्दीत जातं. ते सगळ्यात शेवटी काढा आणि तिला विचारल्याशिवाय वाचूही नका.

कोर्टाची_पायरी

तळ्यातमळ्यात यांच्याशी शंभर टक्के सहमत. करार कायद्याचं कलम २११ तेच म्हणतं, मालकानं सांगितलं तसं काम करायचं. मावशी सांगू शकतात तोवर तुमची मतं दुय्यम.

फक्त संध्याकाळची जी गोष्ट लिहिलीत ती हलक्यात घेऊ नका. अधूनमधून विसरणं म्हणजे मन बिघडलं असं कायदा म्हणत नाही. त्याच कायद्याच्या कलम १२ची कसोटी अशी की त्या वेळी व्यवहार समजतोय का आणि आपल्यासाठी तो बरा की वाईट हे ठरवता येतंय का. एरवी अस्थिर असलेला माणूसही मन ठिकाणावर असताना करार करू शकतो. म्हणून जे विचारायचं ते सकाळी विचारा, महत्त्वाच्या सहीआधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या.

पण उद्या आजार वाढला आणि त्यांना काहीच कळेनासं झालं, तर करार कायद्याच्या कलम २०१प्रमाणे मुखत्यारी संपते. आपल्याकडे लोकांना हे माहीतच नसतं. ज्या दिवसासाठी म्हणून पत्र करून ठेवतात, त्याच दिवशी ते निकामी होतं.

लीड्सकर

हे वाचून चाटच पडलो. आमच्याकडे इंग्लंडात याच्या बरोब्बर उलट आहे. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणतात, ती माणसाची समज गेल्यावरही चालू राहते, किंबहुना त्यासाठीच करतात. पब्लिक गार्डियन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या ऑफिसात नोंदवावी लागते, त्याशिवाय वापरताच येत नाही. पण वस्तू वाटण्याबाबत इथेही कडक आहे हां. २००५च्या कायद्यात लिहिलंय की मुखत्यारानं द्यायच्या भेटी म्हणजे वाढदिवस, लग्न, सणवार अशा रूढ प्रसंगी नातलगांना किंवा ओळखीच्यांना, शिवाय ती व्यक्ती एरवी ज्यांना देणगी देत असेल त्या संस्थांना, आणि त्याही तिच्या ऐपतीला साजेशा. त्यापलीकडे काही द्यायचं तर कोर्टाकडे जा.

न्यूजर्सी_नंदू

अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं आहे, पण २००६चा एक नमुना कायदा बऱ्याच राज्यांनी घेतलाय. त्यात घरातल्या वस्तू हा स्वतंत्र विषयच आहे, तो अधिकार दिला की मुखत्याराला वस्तू विकता, दुरुस्त करता, साठवता, हलवता येतात. भेट द्यायचा अधिकार मात्र वेगळा आणि उघड लिहून द्यावा लागतो. म्हणजे ताईंनी सांगितलं तेच.

माझा उपप्रश्न: भाऊ पुण्यात, आईबाबांच्या काही वस्तू माझ्या नावावर आहेत, त्यासाठी मी इथून भावाला पत्र पाठवू शकतो का?

कोर्टाची_पायरी

@न्यूजर्सी_नंदू, हो. भारतीय वकिलातीत साक्षांकित करा किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून अपॉस्टील (कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणूनचा सरकारी दाखला) लावा. कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत इथली स्टॅम्प ड्युटी भरायची, हे लोक हमखास विसरतात.

निमूट

पण मग भारतात समज गेलेल्या माणसाच्या वस्तूंचं करायचं काय? माझ्या सासऱ्यांना अल्झायमर आहे, पत्र माझ्या मिस्टरांच्या नावाचं आहे आणि आम्ही ते बिनदिक्कत वापरतोय 😟

कोर्टाची_पायरी

निमूट ताई, घाबरू नका, पण वकिलाला नक्की भेटा. पोकळी खरीच आहे. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, २०१७च्या नव्या कायद्यात ती गेली. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधी असतो पण तो उपचारांपुरता, पैशाअडक्याचा नाही. त्यामुळे कोमा, डिमेन्शिया अशा केसेसमध्ये घरच्यांना घटनेच्या कलम २२६खाली हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई हायकोर्टानं असे आदेश दिलेत, केरळ हायकोर्टानं २०१९मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचनाच घालून दिल्या. हळदीकुंकवाच्या चांदीसाठी कुणी हायकोर्टात जात नाही हे मलाही माहितेय, पण फ्लॅट, एफडी असेल तर दुसरा रस्ता नाही.

आणि एक, मुखत्यारी अशी संपली तरी करार कायद्याच्या कलम २०९प्रमाणे मुखत्याराची सुटका नाही. त्याच्याकडे सोपवलेल्या गोष्टी सांभाळायची, जपायची जबाबदारी राहते. सांभाळायची, विकायची नाही.

सराफकट्टा

आमचं दुकान आहे, गाव सांगत नाही. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी आईचं, आजीचं सोनं घेऊन मोडायला येतं आणि 'तिनंच सांगितलंय' म्हणतं. आम्ही मालकाला समोर आणा म्हणतो, नाहीतर निदान फोनवर बोलू द्या म्हणतो, गिऱ्हाईक रागावतं पण इलाज नाही. चोरीचा माल घेतला म्हणून उद्या पोलीस दुकानात आले तर तुमचं पत्र आम्हाला वाचवत नाही.

दुसरं, जुने दागिने मोडून नवीन करायची घाई कधीच करू नका. घट जाते, खडे-मोती काढून देतात त्याचे पैसे येत नाहीत, तन्मणी आणि जुन्या घडणीचा चंद्रहार तर परत तसा बनतच नाही. विकायचंच झालं तर वजनाची, टंचाची (शुद्धतेची) पावती मावशींच्या नावानं घ्या आणि पैसे चेकनं किंवा ट्रान्सफरनं त्यांच्याच खात्यात. रोख खिशात घालू नका, दोन दिवसही नाही. पितळेचं पण तसंच, मोडीच्या भावात देण्याआधी जुन्या वस्तू घेणाऱ्याला एकदा दाखवा, बंब आणि घंगाळाला हल्ली हॉटेलवाले सजावटीसाठी चांगले पैसे देतात.

घोरपडे_गल्ली

मृत्युपत्रातल्या चंद्रहाराकडे कुणीच लक्ष दिलं नाही. समजा धागाकर्त्यानं तो आज विकला, मावशींच्या खात्यात पैसे टाकले, सगळं रीतसर. मग मावशी गेल्यावर बहिणीला काय मिळणार? शून्य. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम १५२, मृत्युपत्रात नाव घेऊन दिलेली वस्तू मरणसमयी त्या माणसाची राहिली नसेल किंवा तिचं रूपांतर झालं असेल तर ते देणं बाद. कायद्यातलं उदाहरणच आहे की सोन्याची साखळी दिली होती आणि नंतर मोडून तिचा पेला केला, संपलं.

कोर्टाची_पायरी

घोरपडे, मुद्दा फर्स्टक्लास काढलात, पण कलम अर्धंच सांगितलंत. पुढे १६४ आहे. वस्तूत बदल झाला तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या नकळत किंवा संमतीशिवाय झाला असेल, तर ते देणं बाद होत नाही. आणि तिथलं उदाहरण या धाग्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. एकानं आपले सरकारी रोखे दुसऱ्याला लिहून ठेवले, त्याच्या मुखत्यारानं त्याला न सांगता ते विकून दुसरे शेअर घेतले. ज्याच्या नावे लिहिलं होतं त्याचा हक्क शाबूत.

म्हणजे मावशींना न विचारता हार मोडला तर बहिणीचा दावा उभा राहतो आणि तो तुमच्या अंगावर येतो. मावशींना विचारून, त्यांच्या समजुतीनं विकला तर बहिणीचं देणं गेलं, पण तो मावशींचा निर्णय. मृत्युपत्र लिहिलं म्हणून जिवंतपणी स्वतःची वस्तू विकायला कुणी बांधलेलं नसतं. औषधपाण्याला पैसे लागले आणि दुसरं काही नसलं तर विकायलाच पाहिजे. मावशींची पेन्शन आहे, भाडं येणार आहे, मग हाराला हात कशाला?

मिरज_जंक्शन

हे भलतंच खोल निघालं. हार विकायचा विचार नव्हताच, बहीण म्हणत होती की आत्ताच लॉकरमधून काढून दे. थांबवतो.

कोल्हापुरी_चप्पल

बहिणीला आत्ता दिला काय नि नंतर दिला काय, मावशी हो म्हणाली तर दे की भावा. का उगं ताणायलाय. म्हातारीला स्वतःच्या डोळ्यानं भाचीच्या गळ्यात बघू दे की.

तळ्यातमळ्यात

मावशींनी स्वतःच्या हातानं दिला तर बेस्ट. भावानं लॉकरमधून काढून परस्पर दिला तर नाही. एवढाच फरक आहे आणि तोच महत्त्वाचा.

पुतण्याची_बाजू

मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. माझ्या काकूंचं सगळं त्यांच्या माहेरच्यांनी हाताळलं. आम्हाला हाव नव्हती, पण आजीच्या हातचं एक तबक आणि पणजोबांचा फोटो होता, तो कुठे गेला कुणालाच माहीत नाही. विचारलं की 'आमच्याकडे पत्र आहे' एवढंच उत्तर. धागाकर्ते, तुमचा पुतण्या लोभीच असेल असं धरून चालू नका. सामान काढताना त्याला बोलवा, समोर यादी करा. कदाचित त्याला एखादीच वस्तू हवी असेल.

आणि कायद्यानंही तो कुणीच नाही असं नाही. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिचं स्वकष्टाचंसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं, २००९ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. आईवडिलांकडून वारशानं आलेलं तेवढं माहेरी.

खडीसाखर

काय?? आयुष्यभर नोकरी करून घेतलेलं पण सासरच्यांकडे? मृत्युपत्र करायलाच हवं बाई.

कोर्टाची_पायरी

हो, दुर्दैवानं तसंच आहे, हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. म्हणून मावशींच्या मृत्युपत्रात फक्त चंद्रहार आहे की बाकीच्याचंही काही लिहिलंय हे त्यांना बघून घ्यायला सांगा. ज्याचा उल्लेख नाही ते कलम १५नं जाणार, म्हणजे चांदीवर पुतण्याचा हक्क आज शून्य असला तरी पुढेमागे येऊ शकतो. पुतण्याला बोलवा हा सल्ला मी वकील म्हणूनही देईन. मुखत्याराला हिशोब मागितला की द्यावा लागतो, करार कायद्याचं कलम २१३. आज मागणाऱ्या मावशी, उद्या त्यांचे वारस. हिशोब नीट नसेल तर दिवाणी दावा तर आहेच, पण विश्वासानं सोपवलेली वस्तू लाटली असा आरोप झाला तर भारतीय न्यायसंहितेचं कलम ३१६, पूर्वीच्या दंडसंहितेतलं ४०५ ते ४०९, आणि मुखत्यार म्हणून केलं असं ठरलं तर शिक्षा जास्त असू शकते.

शिलाई मशीनचं राहिलं. मुखत्यारानं मालकाची वस्तू स्वतःच विकत घेणं हा आगीशी खेळ. बंदी नाही, पण मावशींना सगळं खरं सांगून, बाजारभाव सांगून, त्यांची संमती घ्यायची. नाहीतर करार कायद्याच्या कलम २१५खाली तो व्यवहार उलटवता येतो. दोन ठिकाणी किंमत विचारा आणि त्यापेक्षा चार पैसे जास्तच द्या.

रोखठोक७२

मान्य, मान्य. ताई तुम्ही भारी आहात. पण एक सांगतो, इतकी कलमं लावून कुणी मावशी सांभाळायला तयार होणार नाही.

गोंयचो_पाव

आमच्या गोव्यात आणखी वेगळा घोळ. पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे एकट्या बाईच्या पत्रावर सामानसुद्धा तिचं एकटीचं आहे असं धरता येत नाही, नवऱ्याचा अर्धा वाटा असतो. माणूस गेल्यावर इन्व्हेंटरी प्रोसिडिंग होतं, वारसांपुढे यादी होते. आमच्या घरी खुर्च्या, घड्याळ, सगळं लिहिलं होतं. त्रासाचं वाटतं पण नंतर कुणी तोंड उघडत नाही. तुम्ही तीच यादी आत्ताच करा.

मिरज_जंक्शन

अपडेट देतो. रविवारी पुतण्याला बोलवलं, तो आला, वर सोसायटीचे सेक्रेटरी साक्षीला बसले. मावशी घरून व्हिडिओवर, बहीण तिच्या शेजारी. खोलीवार यादी केली, प्रत्येक गोष्टीचा फोटो. चांदीतलं एक तबक आणि अत्तरदाणी-गुलाबदाणी पुतण्याच्या आजीची होती हे मावशीनं स्वतःच सांगितलं आणि त्याला घेऊन जा म्हणाली, त्यानं पोच लिहून दिली. बाकीची चांदी तिची, ती आमच्या घरी आणली, यादीत तसं लिहिलं. पुस्तकं तिच्या शाळेला. भांड्यांतली निम्मी कामवाल्या मावशींना द्यायला सांगितली, त्याचं मला जरा वाईट वाटलं, पण तिची भांडी आहेत. मशीनसाठी तिनं माझ्या बायकोकडून पैसे घ्यायला नकार दिला, आता ते मशीन घेऊ की नको कळेना.

तळ्यातमळ्यात

घ्या हो! फक्त 'मी माझ्या राजीखुशीनं दिलं' अशा दोन ओळी तिच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, शिक्षिका आहेत, अक्षर सुंदर असणार.

मिरज_जंक्शन

घेतो. आता लॉकर. बँक म्हणते पत्रात लॉकरचा उल्लेख नाही, आम्ही उघडू देणार नाही. मावशीला जिने चढता येत नाहीत आणि शाखा पहिल्या मजल्यावर.

बँकेत_होतो

निवृत्त बँकवाला. बँकेचं बरोबर आहे, लॉकर हाताळायचा अधिकार नाव घेऊन लिहिलेला असावा असंच सगळ्या बँका बघतात. माझा सल्ला, मावशींनी लॉकर बहिणीबरोबर किंवा तुमच्याबरोबर जॉइंट करावा नाहीतर निदान नॉमिनेशन तरी करावं. मावशी गेल्यावर तुमचं पत्र काउंटरवर कुणी वाचणारसुद्धा नाही, तेव्हा जॉइंट होल्डर किंवा नॉमिनी, आणि बँक साक्षीदारांसमोर आतल्या वस्तूंची यादी करूनच देते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही बहिणीला सांगून ठेवा. आणि लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं, त्यामुळे आतल्याची यादी तुम्हीच करून ठेवा. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्यानं अफरातफर केली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, २०२२पासून तसा नियम आहे.

कोर्टाची_पायरी

पत्र नवीन करायचं असेल तर त्यात एवढं घाला: 'माझ्या नावे असलेला अमुक बँकेच्या अमुक शाखेतील अमुक नंबरचा लॉकर उघडणे, त्यातील वस्तू माझ्या लेखी सूचनेप्रमाणे काढणे व ठेवणे; माझ्या घरगुती वस्तू व दागिने हलवणे, साठवणे, दुरुस्त करणे, विमा उतरवणे; माझ्या लेखी संमतीने विकणे व रक्कम माझ्या खात्यात जमा करणे. सदर वस्तू कोणासही भेट देण्याचा अधिकार मुखत्यारास नाही.' शेवटचं वाक्य तुमच्याच संरक्षणासाठी आहे, कुणी काही मागितलं की ते दाखवायचं.

मावशींना सब-रजिस्ट्रारकडे न्यायची गरज नाही. आजारी, चालता न येणाऱ्या माणसासाठी गृहभेटीची सोय नोंदणी कायद्यात आहे. अर्ज, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि भेटीची फी भरा, अधिकारी घरी येतो. स्टॅम्प पाचशेचा घ्या, शंभरचा चालत नाही.

मिरज_जंक्शन

उद्याच अर्ज टाकतो. मावशीला हा मसुदा वाचून दाखवला, तिनं 'दुरुस्त करणे'मधला ऱ्हस्व-दीर्घ तपासला आणि विचारलं की विम्याचा हप्ता कोण भरणार.

बँकेत_होतो

त्यांच्याच खात्यातून. आणि लॉकरची किल्ली कुठे आहे ते आत्ताच विचारून घ्या, हरवली असेल तर कुलूप फोडायचा खर्च आणि अर्ज वेगळा.